मेमरी कार्डाला हळदकुंकू

आमच्या लॅपटॉपनं मान टाकली ती शनिवारी सकाळी, आणि आईची परीक्षा होती रविवारी. या दोहोंच्या मधे जे काही घडलं त्यात मी कुठेही शूर दिसत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमचं आडनाव धैर्यवान आहे. त्यावरचे सगळे विनोद माझ्या वर्गातल्या मुलांनी शाळेतच करून संपवलेत, तेव्हा वाचकांनी तसदी घेऊ नये.

परीक्षा मोडी लिपीची. माझी आई दुर्गा, वय एकोणऐंशी, गेलं वर्षभर फणसवाडीतल्या आमच्या चाळीतल्या घरात बसून ऑनलाइन मोडी शिकत होती. तिच्या लहानपणी तिचे वडील रोज संध्याकाळी दोन्ही भावांना समोर बसवून मोडी गिरवून घ्यायचे. एकदा आईही पाटी घेऊन जाऊन बसली, तेव्हा ते म्हणाले, "तुला काय करायची आहे मोडी? तू आपली जा, पोळ्या लाट." आई गेली आणि लाटल्या. पण ते वाक्य तिनं जे धरून ठेवलं ते आजतागायत सोडलं नव्हतं. वडील गेले, भाऊ गेले, घराण्यात मोडी वाचणारं कोणी उरलं नाही, आणि मग हिनं एका संस्थेत नाव घातलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण आईला पुढची परीक्षाही तिथेच द्यायची आहे.

लॅपटॉप आमच्या लेकीचा, ऋग्वेदाचा. बंगळुरूला नोकरीला जाताना तिनं तो आजीला दिला. आजीनं त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं आणि रोज सकाळी ते काढून अभ्यास केला. त्या शनिवारी तिनं झाकण काढलं, बटण दाबलं, आणि मला हाक मारली.

"विनीत, हा आतल्या आत टकटक करतोय. काहीतरी सांगायचंय त्याला, पण जमत नाहीये."

आमच्या चाळीत मला संगणकातलं कळतं असा समज आहे. गणपतीच्या पावत्या छापताना अडकलेला प्रिंटर मी एकदा सुरू केला होता. खरं तर त्याची वायर निघाली होती आणि माझा पाय लागून ती परत बसली. पण मिळालेला मान परत करायची आपल्याकडे पद्धत नाही. मी चष्मा लावला, काळ्या पडद्यावरची इंग्रजी ओळ गंभीरपणे वाचली, "हं" म्हणालो, आणि लॅपटॉप बंद करून परत चालू केला. असं मी सकाळभर करत होतो.

शेवटी माझी बायको सुरुची म्हणाली, "आई, तुम्ही माझा ऑफिसचा लॅपटॉप घ्या की." इतका साधा उपाय मला न सुचता तिला सुचावा याचं मला वाईट वाटणार होतं, तेवढ्यात आईनं मान हलवली. ज्या यंत्राची आधी नोंद केली आहे त्याच यंत्रावर परीक्षा द्यायची, दुसरं चालणार नाही, असा संस्थेचा नियम होता. नोंद ऋग्वेदाच्या लॅपटॉपची होती.

"नियमाला माणुसकी असते," असं म्हणून मी मदत केंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई वाजली. मग एक गोड आवाज आला.

"सर, परीक्षा नोंदवलेल्या मशीनवरूनच देता येते."

"ते मशीनच बंद पडलंय हो."

"काही हरकत नाही सर. मशीन बदलण्याचा अर्ज करा."

"करतो. कुठे करायचा?"

"नोंदवलेल्या मशीनवरून सर. सुरक्षेसाठी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यानं विचारलं, "आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल?"

यंदाची संधी हुकली तर पुढची परीक्षा वर्षभरानं होती. मी आईला म्हणालो, "पुढच्या वर्षी देशील की. घाई काय आहे?" ती लॅपटॉपवर क्रोशाचं झाकण घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला नाही रे घाई." त्यानंतर मी सल्ले ऐकायला गॅलरीत गेलो.

चाळीत सल्ले मागावे लागत नाहीत, नुसतं गॅलरीत उभं राहून सुस्कारा सोडला की पुरतं. समोरच्या कांताबाई म्हणाल्या, "डिस्क काढून फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या भाच्यानं ठेवली होती."

"मग चालली?"

"चालली नाही. पण चांगली गार झाली."

शेजारच्या खोलीतले मनमोहनराव बाहेर आले ते इस्त्रीचा सदरा घालून. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण आजही ते सही करायला निघाल्यासारखे दिसतात. हे आईचे प्रतिस्पर्धी. तीच संस्था, तीच परीक्षा, फक्त त्यांची तुकडी शनिवारी दुपारची होती. वर्षभर ही दोन माणसं भिंतीआडून एकमेकांचं वाचन ऐकत होती. एक चुकलं की दुसरं खोकायचं. त्यांना लॅपटॉपची बातमी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा उजळेल अशी माझी खात्री होती. तो पडला.

"दुर्गाताई बसणार नाहीत?" ते म्हणाले. "मग मी कुणाच्या पुढे जायचं?"

उपाय मिळाला तो वरच्या मजल्यावरच्या अवधूतकडून. अवधूत आयटीत आहे. तो हातात चहाचा कप घेऊनच खाली आला, लॅपटॉपला कान लावला आणि म्हणाला, "काका, डिस्क गेली. बाकी मशीन टकाटक आहे. मेमरी कार्डवरून चालवू."

"म्हणजे?"

"म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम डिस्कवर असते ना, ती कार्डवर टाकायची. कार्ड इथे बाजूला घालायचं, चालू करताना एफ ट्वेल्व दाबायचं, कार्ड निवडायचं. मशीन तेच, नंबर तोच. परीक्षा ब्राउझरमध्येच आहे, काय फरक पडतो?"

मी मान डोलावली. मला कळलं नव्हतं. आई आतून म्हणाली, "अरे, आपला गॅस संपला तर आपण शेजारी स्वयंपाक करतो आणि आपल्या घरी पानं वाढतो, तसं. जेवणाऱ्याला काय कळतंय?"

अवधूतनं चहाचा कप खाली ठेवला आणि तो म्हणाला, "आजी, आमच्या ऑफिसात येता का शिकवायला?"

मी चर्नी रोडच्या बाजूला जाऊन कार्ड घेऊन आलो. टपाल तिकिटाएवढं प्रकरण. एवढ्याशा वस्तूत सगळी ऑपरेटिंग सिस्टीम मावते यावर माझा विश्वास बसेना, म्हणून मी दुकानदाराला यापेक्षा जरा मोठं दाखवायला सांगितलं. त्यानं आकार सगळ्यांचा सारखाच असतो असं शांतपणे सांगितलं. अवधूतनं ते आपल्या यंत्रात घालून त्यावर सगळं चढवून दिलं, माझ्या हातावर ठेवलं, आणि मित्राच्या साखरपुड्याला पनवेलला निघून गेला. जाताना जिन्यातून ओरडला, "काका, सोप्पंय!" हा शब्द माझ्या आयुष्यात ज्या ज्या कामाआधी उच्चारला गेला ती सगळी कामं मला लक्षात आहेत.

मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि आंघोळीला गेलो. महत्त्वाचं काम पारोशानं करू नये. बाहेर येऊन कार्ड लॅपटॉपच्या फटीत घातलं, बटण दाबलं आणि एफ ट्वेल्ववर बोटांचा तबला धरला. काळ्या पडद्यावर ओळ आली, तिचा अर्थ असा की चालू करण्याजोगं काहीही सापडलं नाही. पुन्हा केलं. एफ टू दाबलं, एफ टेन दाबलं, मग वरची सगळी रांग एकापाठोपाठ दाबत गेलो. दर वेळी तीच ओळ. अवधूतला फोन केला तर मागे बॅन्जो वाजत होता आणि त्याला फक्त "काका" एवढंच ऐकू जात होतं. तोही "काका, काका" करत राहिला.

"जाऊ दे रे," आई म्हणाली. तिनं अभ्यासाची वही मिटून फडताळात ठेवली. ती वही वर्षभरात फडताळात गेलेली मी पाहिली नव्हती.

एवढ्यात मनमोहनराव आपला पेपर देऊन आले. कसा गेला हे त्यांनी सांगितलं नाही, आईनं विचारलं नाही. असल्या बाबतीत दोघंही फार सभ्य आहेत. त्यांनी लॅपटॉपमधून कार्ड काढलं, नाकाजवळ नेलं, उजेडात धरलं.

"विनीत, याला हळदीचा वास येतोय."

मी आईकडे पाहिलं. आईनं देवघराकडे पाहिलं.

"नवी वस्तू घरात आली," ती म्हणाली. "तू आंघोळीला गेला होतास तेवढ्यात देवापुढे ठेवलं. हळदकुंकू वाहिलं. काय चुकलं?"

"आई, कुठल्या बाजूला लावलंस?"

"पुढची बाजू कुठली ते कळेना. म्हणून दोन्हीकडे लावलं."

आमच्याकडे फ्रीज आला तेव्हा हळदकुंकू झालं, पंखा आला तेव्हा झालं, सुरुचीच्या स्कूटरच्या पुढच्या चाकाला तर आईनं नारळही ओवाळला होता. तेव्हा चूक आईची नव्हती. फ्रीजला पाठ असते आणि ती भिंतीकडे असते. कार्डाच्या पाठीवर मात्र सोनेरी पट्ट्या असतात, आणि लॅपटॉप त्या पट्ट्यांशीच बोलतो. त्या पट्ट्यांवर ओलं हळदकुंकू वाळून टणक झालं होतं. कार्ड सौभाग्यवती दिसत होतं आणि तोंडातून शब्द काढत नव्हतं.

मनमोहनराव घरी गेले आणि मोडीच्या सरावासाठी आणलेलं खोडरबर घेऊन आले. टीव्हीचा रिमोट अडला की त्याच्या आतल्या पट्ट्याही ते खोडरबरानंच पुसतात म्हणे. टेबलाशी बसून, जीभ किंचित बाहेर काढून, त्यांनी त्या पट्ट्या इतक्या हलक्या हातानं पुसल्या की मी श्वास रोखून बघत राहिलो. हा माणूस वर्षभर आईच्या चुका मोजत होता. आता आपल्यापुढे जाऊ शकणारी एकमेव व्यक्ती परीक्षेला बसावी म्हणून खोडरबराचा कीस फुंकत होता. मोठ्या मनाची माणसं आपल्या शेजारी राहतात आणि आपण त्यांना फक्त पाणी गेलं का तेवढं विचारतो.

कार्ड घातलं. एफ ट्वेल्व. यादी आली. कार्ड निवडलं. पडदा काळा झाला, मग निळा झाला, आणि मधोमध एक चक्र फिरायला लागलं. थोड्या वेळानं एक अनोळखी पण प्रसन्न दालन उघडलं. डिस्क मेलेला तो लॅपटॉप तिकिटाएवढ्या कार्डावर उभा राहिला होता. मी टाळ्या वाजवल्या. सुरुचीनं ओट्यावरून शिट्टी वाजवली, लग्नाला इतकी वर्षं झाली पण तिला शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं. ही गंमत चाळीला दाखवावी म्हणून मी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून गॅलरीकडे निघालो, आणि चक्र थांबलं. सगळंच थांबलं. पायाशी टिक असा आवाज झाला. कार्ड जमिनीवर पडलं होतं.

फटीची स्प्रिंग जुनी होऊन सैल पडली होती. कार्ड अर्धं बाहेर राहत होतं, आणि जरा धक्का बसला की सुटत होतं. चालू असताना ते सुटलं की लॅपटॉपच्या पायाखालची जमीनच जायची. चिकटपट्टी लावून पाहिली, ती कार्डासकट निघाली. परीक्षेच्या मधे असं झालं तर संपलंच, कारण एकदा बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत.

आई उठली. फडताळातून तिनं आपल्या आईची फणेरपेटी काढली. झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. पूर्वी कुंकू कपाळावर टिकावं म्हणून आधी मेणाचं बोट लावत, ते हे मेण. आई ते अजून सुईदोऱ्याला वापरते. तिनं चिमूटभर मेण बोटांत मळून मऊ केलं, कार्ड फटीत घातलं आणि कडेनं मेण दाबून बसवलं.

"आता हलव," ती म्हणाली.

मी लॅपटॉप हलवला. वाकडा केला. कार्ड ढिम्म. मग आईनं फडताळातून वही काढली आणि उजळणीला बसली.

रविवारी सकाळी ती जरीकाठी साडी नेसून लॅपटॉपपुढे बसली. पोळ्यांचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण सुरुची कोबी आणि बेसनाचं भानोलं भाजत होती आणि एका स्वयंपाकात दोन कामं एकाच माणसानं करू नयेत असा नियम तिनं नुकताच काढला होता. मी पिठाच्या हातानं दाराशी उभा होतो. पडद्यावर एक तरुण पर्यवेक्षिका उगवली.

"आजी, लॅपटॉपच्या खाली एक स्टिकर असेल. त्यावरचा नंबर कॅमेऱ्याला दाखवा."

"बाई, कॅमेरा लॅपटॉपलाच आहे," आई म्हणाली. "तो स्वतःचं बूड कसं बघणार?"

पर्यवेक्षिका नियम वाचायला लागली. मोबाइल वापरायचा नव्हता. अखेर मी लॅपटॉप दोन्ही हातांवर उचलून तिरका धरला, सकाळीच धीर द्यायला आलेल्या मनमोहनरावांनी फणेरपेटीचं झाकण उघडून आरसा खाली धरला, आणि आई मधून "जरा वर, जरा डावीकडे" करत होती. कार्डाची बाजू सरळ जमिनीकडे झाली होती. माझी नजर त्या मेणावर होती. लॅपटॉपवर पिठाची बोटं उमटली.

"नंबर उलटा दिसतोय, आजी."

"मी मोडी वाचणार आहे. तुम्ही एवढं उलटं इंग्रजी वाचा."

पर्यवेक्षिकेनं वाचलं. मेण टिकलं. आम्हाला बाहेर जायला सांगितलं आणि दार लागलं. खोलीत दुसऱ्या कुणाचा आवाज आला तर परीक्षा रद्द, हे तिनं दोनदा बजावलं होतं. आणि जिन्यातून हाक आली, "दुर्गाबाय! बोंबील बघ गो, कसं फडफडतान!"

तुळसा शीव कोळीवाड्याहून दर रविवारी मासे घेऊन आमच्याकडे येते. तिचा आवाज ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत जातो, आणि ती अजून पायऱ्या चढतच होती. मी पिठाचे दोन्ही हात वर करून जिन्यात धावलो. तोंडावर बोट ठेवलं, दाराकडे दाखवलं, हवेत अक्षरं काढली.

"काय झाला? वारलं कोन?" तिनं घाबरून विचारलं.

"आईची परीक्षा आहे," मी कुजबुजलो.

"या वयात?" तुळसानं डोक्यावरची माशांची पाटी खाली उतरवली. "कसली?"

मी सांगितलं. ती पायरीवर बसली, पदर सावरला, आणि त्यानंतर जिन्यानं जो कोणी वर आला त्याला तिनं नुसत्या डोळ्यांनी गप्प केलं. वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ फोनवर बोलत उतरत होता, त्याच्यावर तिनं बोंबील उगारला. चाळीत इतकी शांतता मी फक्त क्रिकेटच्या शेवटच्या षटकात ऐकली आहे.

त्या शांततेत आईचा आवाज आला. पडद्यावर कुठल्याशा जुन्या वाडीतल्या विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या भांडणाचा कागद होता, आणि ती तो मोठ्यानं वाचत होती. अडखळत नव्हती. गोल गोल, एकमेकांत गुंतलेली ती अक्षरं मला कधीच सुटी दिसली नाहीत. ती मात्र शेजारणीची चुगली सांगावी तशी सहज वाचत होती. मधेच म्हणाली, "हा गृहस्थ खोटं बोलतोय."

"आजी, फक्त वाचा. मत नको."

"बरं."

मनमोहनरावांनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. खोकण्यासारखं त्यांना काही सापडत नव्हतं.

आणि आवाज थांबला.

मी वाट पाहिली. काहीच नाही. मेण. उकाडा होता, लॅपटॉप तापला असणार, मेण वितळलं असणार, कार्ड सुटलं असणार. मी दाराकडे झेपावलो. मनमोहनरावांनी माझं मनगट धरलं. आत गेलो असतो तर जे वाचलं होतं तेही बुडालं असतं. तुळसानं हात जोडले. मला त्या क्षणी रडू येत होतं, आणि ते संगणकासाठी नव्हतं.

"बाई," आतून आई म्हणाली, "इथे लिहिणाऱ्यानंच चूक केली आहे. त्याची चूक तशीच वाचू, की सुधारून वाचू?"

पर्यवेक्षिका म्हणाली, "जसं आहे तसं वाचा, आजी. पण कुठे आहे चूक, मला दाखवाल?"

मनमोहनराव भिंतीला टेकले. "मला दिसली नसती," ते पुटपुटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू पेपर त्यांचाच होता.

आई विशेष प्रावीण्यात आली, मनमोहनराव पहिल्या वर्गात. ही बातमी फणसवाडीभर मनमोहनरावांनीच सांगितली, आपल्या निकालाआधी तिचा निकाल. तुळसानं बोंबील भेट दिले आणि पुढच्या रविवारी भावात वसूल केले. अवधूतनं नवी डिस्क बसवून द्यायची तयारी दाखवली, पण आई ऐकत नाही. तो लॅपटॉप अजून त्या कार्डावर चालतो, मेणासकट. आता ती दर शनिवारी त्याच्यावर चाळीतल्यांना मोडी शिकवते, आणि मनमोहनराव शेजारी बसून कोणी चुकलं की खोकतात.

मीही गेलो एकदा पाटी घेऊन. संध्याकाळभर एकच ओळ गिरवली. आईनं पाटी हातात घेतली, उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत, एकेक शब्द चाखत म्हणाली, "तुला काय करायची आहे मोडी? तू आपला जा, पोळ्या लाट."

आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडाला लावून हसत राहिली.

मी गेलो आणि लाटल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा पाटी घेऊन जाऊन बसलो. मीही तिचाच मुलगा आहे.